कोल्हापूर ते मिरज, व्हाया 'घरंदाज गायकी'

वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते. दिवसा लोकांचे ताळेबंद, रात्री गाण्याच्या बैठका. स्वतः ते एकाहून अधिक घराण्यांच्या गुरूंकडे शिकले. सुरेशबाबू माने यांच्याकडून किराण्याचा स्वर त्यांनी घेतला, मोगूबाई कुर्डीकरांकडून जयपूरची तालीम घेतली. पण गवई म्हणून ते मंचावर नांदले नाहीत. ते नांदले श्रोत्यांत. १९६१ साली त्यांचं 'घरंदाज गायकी' निघालं, तेव्हा गाण्यावर मराठीत लिहिलं जात नव्हतं असं नाही. गवयांच्या आठवणी होत्या, चरित्रं होती, केशवराव भोळ्यांचं तिखट आणि नेमकं लेखन होतं. पण आपल्याला एक गाणं आवडतं आणि दुसरं आवडत नाही, ते का, याचा हिशेब मांडून दाखवावा, असं मात्र हिशेबाची सवय असलेल्या या माणसालाच सुचलं.

पुस्तक आटोपशीर आहे. त्यातली मुख्य कल्पना दोन वाक्यांत सांगता येते. गाणं स्वर आणि लय या दोन द्रव्यांचं बनतं आणि प्रत्येक घराण्याने या दोहोंचं आपापलं प्रमाण ठरवून घेतलं आहे. त्या प्रमाणानुसार सगळी घराणी एका रेषेवर मांडली, तर स्वराच्या टोकाला किराणा येतं, लयीच्या टोकाला आग्रा, आणि मधोमध, तराजूचा काटा उभा राहतो त्या जागी, जयपूर, म्हणजे अल्लादियाखाँची गायकी.

आम्हां कोल्हापूरकरांना हे पान वाचून गुदगुल्या होतात, हे कबूल करायला हरकत नाही. नाव जयपूरचं, कूळ अत्रौलीचं. पण ही गायकी जिथे मुरली ते गाव आमचं. शाहू महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात खाँसाहेबांना दरबारात आणलं, आणि १९२२ साली महाराज गेल्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले. मधली पंचवीसेक वर्षं ते इथे होते. भावाची, हैदरखाँची, शिकवणी इथे झाली. मुलं इथे वाढली. त्यांतले भुर्जीखाँ नंतरही इथेच राहिले आणि शिकायला येणाऱ्यांची रीघ त्यांच्या दाराशी लागली. तेव्हा एखाद्या मुंबईकर हिशेबनिसाने आपल्या गावची गायकी केंद्रस्थानी ठेवलेली पाहून कुणाला बरं वाटणार नाही?

पण पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही रेषा नव्हे. रेषेच्या आधी वामनराव आणखी एक विधान करतात आणि मला वाटतं, पुस्तकाचा सगळा जीव त्यात आहे. घराणं जन्माला येतं ते मूळपुरुषाच्या आवाजातून, असं ते म्हणतात. आवाजाची जात, त्याची ताकद, त्याला काय जमतं आणि काय जमत नाही, यातून एक माणूस आपलं गाणं घडवतो. त्याचा शिष्य तेच उचलतो. तिसरी पिढी येईपर्यंत एकट्याची गरज सगळ्यांचा कायदा होऊन बसते.

आता हे विधान अल्लादियाखाँना लावून पाहा. खाँसाहेबांच्या आवाजाची कथा आमच्याकडे गाण्यातलं थोडंफार कळणाऱ्या कुणालाही माहीत असते. धृपदियांच्या घरातला हा तरुण, चुलते जहांगीरखाँ यांच्या तालमीत तयार झालेला. आमलेटा नावाच्या संस्थानात दिवसामागून दिवस गाणं झालं, तिथे आवाज बसला आणि कायमचा बसला. पुढे आवाज फिरू लागला, पण पहिलं तेज परत आलं नाही, असं सांगतात. गवयाचा आवाज गेला की बहुधा गवई जातो. हा गेला नाही. उरलेल्या आवाजाला काय करता येईल, याचा शोध त्याने घेतला.

जाडसर, भारदस्त, पण एका सुरावर फार वेळ उभा राहिला तर उणेपण दाखवणारा आवाज असेल, तर काय करायचं? उभंच राहायचं नाही. चालत राहायचं. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना सरळ रस्त्याने जायचं नाही, वळसा घ्यायचा. वळशात आणखी एक छोटा वळसा घालायचा. तबल्याची मात्रा आली की तिच्या दोन्ही बाजूंना स्वरांची वाटणी अशी करायची, की श्रोत्याचं लक्ष आवाजाच्या पोतावर राहूच नये, चालीवर राहावं. जयपूर गायकीची म्हणून जी लक्षणं पुस्तकांत दिलेली असतात, ती सगळी या एका नडीतून निघालेली दिसतात. शुद्ध आकार, एकात एक गुंतलेली स्वरवाक्यं, अतिविलंबित टाळून धरलेली मध्यम चाल, मात्रेचे बारीक तुकडे पाडणं, गोल फिरत जाणारी तान, सरगम नाही, बोलांची ओढाताण बेताची.

हे सिद्ध करता येणार नाही. खाँसाहेबांचा आवाज तबकडीवर उतरलेला असता तर वाद मिटला असता. पण हे गृहीत धरून ऐकलं, तर गाणं वेगळं ऐकू येतं, हा माझा अनुभव आहे, आणि रसग्रहणाला एवढा पुरावा पुरतो.

देवल क्लबात, म्हणजे १८८३ पासून चालत आलेल्या आमच्या गायन समाजात, मागच्या रांगेत बसणारे एक अण्णा होते. पेठेतले, अस्सल. शाळा फारशी नाही, कान मात्र असा की पट्टी लावायच्या आधी तंबोऱ्यातला दोष सांगतील. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी एकदा जोरात 'वा' म्हणालो. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आरं, गवई थांबला का? मग तू कशाला थांबलास?" त्या वेळी नुसता ओशाळलो. वामनराव वाचल्यावर अण्णांचं बोलणं उलगडलं. किराण्याच्या गाण्यात दाद द्यायची जागा गवई स्वतः देतो. षड्ज लागतो, ठरतो, आपण 'वा' म्हणतो आणि तोवर षड्ज तिथेच असतो. जयपूरच्या गाण्यात आपल्याला काही आवडल्याचं कळेपर्यंत ते मागे पडलेलं असतं. गवई पुढच्या वळणावर. दाद द्यायची ती समेवर, तीही सम येऊन गेल्यावर, कारण सम कुठून येईल हे आधी कळलं नव्हतं. या गायकीचा श्रोता सतत अर्ध्या मात्रेने मागे असतो, आणि ही मागे असण्याची धाप हाच त्याचा आनंद असतो. आमच्या खासबागेत कुस्ती बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पट काढला हे दिसतं तेव्हा पाठ लागलेली असते.

खासबाग मैदान आणि त्याला लागून उभं असलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे नंतरचं केशवराव भोसले नाट्यगृह, दोन्ही शाहू महाराजांचीच. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते थिएटर जळालं, तेव्हा माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. त्या गर्दीत नाटकवाले होते तसे गाण्याचेही होते. इथल्या श्रोत्याचा कान दरबाराने जितका घडवला, तितकाच त्या थिएटरने आणि त्यातल्या पदांनी. या कानाचा सर्वांत तेजस्वी नमुना म्हणजे गोविंदराव टेंबे. जन्म १८८१चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटीवाले, १९११च्या 'मानापमान'चे संगीतकार, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्या तिघांतले एक, पुढे प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'तले हरिश्चंद्र. एवढं सगळं करूनही त्यांचा १९३९चा 'माझा संगीत व्यासंग' वाचताना समोर उभा राहतो तो ऐकायला हपापलेला माणूस. त्यांनी अल्लादियाखाँचं चरित्रही लिहिलं. वामनरावांच्या आणि त्यांच्या लेखनाची जात मात्र वेगळी. गोविंदराव बैठकीत गुंगतात आणि तुम्हांलाही ओढून नेतात. वामनराव बैठक संपल्यावर, घरी जाऊन, दिवा लावून लिहायला बसतात. मला दोघेही हवेत. पण नेमकं काय ऐकायचं हा प्रश्न पडला की हात वामनरावांकडे जातो.

आता त्यांचं विधान घेऊन केसरबाईंकडे यावं, कारण खरी गंमत इथे सुरू होते.

केसरबाई केरकर १८९२ साली गोव्यातल्या केरीत जन्मल्या. लहान असताना काही महिने त्या कोल्हापुरातच किराण्याच्या अब्दुल करीमखाँकडे शिकल्या, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. अल्लादियाखाँचा गंडा बांधला तो १९२१ साली, तिशीच्या उंबरठ्यावर. त्यांच्या आवाजात कसलंच उणेपण नव्हतं. तिन्ही सप्तकांत तेवढाच भरीव, वर जाताना बारीक न होणारा, धातूच्या घट्ट नळीतून आल्यासारखा तो आवाज एका पंचमावर अर्धं मिनिट उभा राहिला असता तर बैठक गार झाली असती. त्यांना चालत राहायची गरजच नव्हती. पण त्या चालत राहिल्या. गुरूच्या बसलेल्या आवाजाने जो कायदा केला, तो धडधाकट आवाजाने अक्षरशः पाळला.

त्यांची नट कामोदची जुनी तबकडी ऐकावी. सव्वातीन मिनिटांचा खेळ. नटातलं एकेक पायरी घट्ट धरत चढणं आणि कामोदातली ऋषभावरून पंचमावरची झेप, ही दोन वळणं एकमेकांत घातलेली आहेत. स्थायी पुरी म्हटली जाते, अंतरा पुरा म्हटला जातो. बंदिश ही आलापीची खुंटी नव्हे, तो गाण्याचा सांगाडा आहे, हे त्या तीन मिनिटांतही सोडत नाहीत. मग आकाराचं काम सुरू होतं. बाई श्वास कुठे घेतात हे शोधायचा मी कितीदा प्रयत्न केला आहे! श्वास स्वरवाक्याच्या शेवटी नसतो. वाक्याच्या पोटात कुठेतरी असतो, जिथे आपण श्वासाची वाट बघत नसतो. त्यामुळे वाक्य संपलं असं वाटतं तिथे ते पुढे जातं आणि पुढे जाईल असं वाटतं तिथे सम येते. आता या सगळ्यावर तो आवाज ठेवून बघा. तो कुठेही स्वतःला मिरवत नाही. ऐश्वर्य आहे, पण ते दाखवायला थांबणं नाही. मला केसरबाईंच्या गाण्यातली खानदानी वाटते ती इथे. त्यांच्याविषयी ज्या कडक गोष्टी सांगतात, त्यांची माळ लावायची मला हौस नाही. रेडिओवर त्या गाईनात, ही एक गोष्ट पुरे. गाणं कुणाच्या कानावर पडतं आहे हे बघितल्याशिवाय गायचं नाही, असा तो बाणा. आणि याच बाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. श्रोते कोण, हे विचारायची सोय तिथे मुळीच नव्हती.

वामनरावांनी न लिहिलेली, पण त्यांच्या वाटेने गेल्यावर हाती लागते अशी एक गोष्ट आता मांडतो. जयपूरवाले जोडराग का गातात? अनवट रागांचा साठा हे घराण्याचं वैभव, आणि ते राखण्यासाठी, असं ठोकळेबाज उत्तर मिळतं. साठा आहे हे खरं. सावनी नट, रायसा कानडा, खट, ललिता गौरी, संपूर्ण मालकंस, वसंती केदार ही नावं घेताना आमच्याकडची माणसं कपाटातली चांदीची भांडी मोजल्यासारखी सुखावतात. पण साठा होता म्हणून गायले, हे कारण मला पटत नाही. मला वाटतं, हे राग त्या न थांबण्यातून आले, निदान त्या न थांबण्यामुळेच ते गाता आले.

वसंती केदार घ्या. केदाराचे ऋषभ-धैवत शुद्ध, वसंताचे कोमल. केदार रात्रीचा, शांत, षड्जावरून मध्यमावर अलगद पाय टाकणारा. वसंत तार षड्जाच्या अंगाने खाली येणारा, चमकदार. हे दोघे एका घरात कसे नांदावेत? थांबून गाणाऱ्याने हे करून बघावं. शुद्ध धैवतावर तो दोन आवर्तनं रमला, की श्रोत्याच्या मनात केदार पक्का होतो, आणि नंतर कोमल धैवत आला की सांधा खटकतो. दोन राग शेजारी ठेवल्यासारखे दिसतात. पण आवाज चालत असेल, धैवत हा मुक्काम नसेल, वाटेतला थांबाही नसेल, तर सांधा दिसत नाही. दोन्ही मध्यम दोन्ही रागांत आहेत. ही सामाईक मालमत्ता. जयपूरचा गवई तिथे, मध्यमाच्या आसपास, वळणावर असतानाच घर बदलतो. आपण केदारातून निघालो होतो, वसंतात कधी आलो ते कळत नाही. मागे वळून बघावं तर दार दिसत नाही.

मल्लिकार्जुन मन्सूरांचा वसंती केदार ऐकताना हे जितकं स्पष्ट होतं, तितकं दुसऱ्या कुणाच्या गाण्यात मला झालं नाही. मन्सूर १९१०च्या अखेरीस धारवाडजवळच्या मन्सूर गावी जन्मले. नाटक कंपनीत वाढले, आणि पहिली पक्की तालीम मिरजेला नीळकंठबुवा आलूरमठांकडे झाली, ग्वाल्हेरची. मग भुर्जीखाँचे भाऊ मंजीखाँ भेटले आणि १९३७ साली अचानक गेले. नंतर भुर्जीखाँ. म्हणजे ग्वाल्हेरची मोकळी, खणखणीत गळ्याची घडण आधी झालेली आणि तिच्यावर कोल्हापूरचं गुंतागुंतीचं काम चढलेलं. त्यांचा आवाज घंटेसारखा वाजतो, वय झाल्यावरही. पण तोही थांबत नाही. उलट म्हातारपणी तर जास्तच पळतो. आवर्तन सुरू झालं की म्हातारा कशाच्या तरी मागे लागल्यासारखा निघतो, मधेच समेच्या दोन मात्रा आधी हात सोडून देतो, आणि आपण घाबरून मांडी चोळतो तोवर वाकडा होऊन बरोबर समेवर. सम गाठली की त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते चोरी पचलेल्या पोराचं असायचं.

धारवाडात त्यांचं 'मृत्युंजय' हे घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. गाण्याच्या नादी लागलेल्या कोल्हापूरकराने निदान एकदा तिकडे जावं आणि येताना कुंदगोळला नाडगीर वाड्यात डोकावून यावं. या वाड्यात अब्दुल करीमखाँ उतरत, इथेच रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांना मिळाले. पुण्याच्या भव्य मांडवातला त्यांच्या नावाचा महोत्सव ज्यांना पाठ आहे, त्यांनी कुंदगोळच्या वाड्यातली गाण्याची रात्र एकदा ऐकावी. चौकात माणसं, ओसरीवर माणसं, आणि गवयाच्या पहिल्या षड्जाला लाकडी खांबांची साथ. वास्तू गाण्याला काय देते, यावर वामनरावांनी काही लिहिलेलं नाही. त्यांची रेषा हवेत काढलेली आहे. नकाशावर उतरवली तर ती फार गमतीदार दिसते.

कोल्हापूरहून मिरजेला रेल्वे १८९१ पासून आहे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत. वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मग कृष्णेचा पूल आणि मिरज. म्हणजे वामनरावांच्या रेषेचा मध्यबिंदू आणि तिचं एक टोक, जयपूर आणि किराणा, पॅसेंजर गाडीने तास-दीड तासावर. वाटेत हातकणंगल्याला उतरून इचलकरंजीकडे वळावं, तर बाळकृष्णबुवांचं गाव, ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुसकर जवळच्या कुरुंदवाडचे. भाकरी बांधून सायकलवर निघालेल्या माणसाला दिवसाभरात तीन घराण्यांची गावं करता येतात. दुसरीकडे कुठे ही सोय असेल असं मला वाटत नाही. इतक्या जवळ असूनही ही घराणी एकमेकांसारखी झाली नाहीत, याचं मला जास्त नवल वाटतं. शेजारधर्माने दूध-साखर दिली, गळा दिला नाही.

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीमखाँची कबर आहे. १९३७च्या ऑक्टोबरात मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना एका छोट्या स्टेशनावर उतरून त्यांनी देह ठेवला. त्यांना आणलं मात्र मिरजेला. उरुसात त्यांच्या नावाने गाण्याची सभा भरते, दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली. तिकीट नाही, खुर्च्यांचे वर्ग नाहीत. नमाजी, भाविक, पोरंबाळं, फुलवाले आणि मधेच जातिवंत कानसेन, सगळे एका जमिनीवर. सतारमेकर गल्ली हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथला तंबोरा सहसा वाईट नसतो. तंबोरे जुळले, गवयाने षड्ज लावला, की आम्ही कोल्हापूरकर जरा अवघडतो. आमच्या कानाला चालण्याची सवय. हा माणूस उभा आहे! मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, अजून गंधाराचं दर्शन नाही. मग हळूहळू लक्षात येतं, की इथे घडामोड स्वरांच्या मधे नाही, स्वराच्या आत आहे. लागताना तो किंचित खालून येतो, ठरतो, तंबोऱ्यातल्या जोडीत विरघळतो, आणि विरघळल्यावर आणखी थोडा उजळतो. करीमखाँचा आवाज निमुळता, टोकदार, गोड. त्याला धावायला लावणं म्हणजे त्याचं गोडपण उधळणं. त्यांनी तो उभा केला आणि त्यातूनही एक कायदा निघाला. किराणेवाले तोडी, यमन, पूरिया, दरबारी असे मोठे, एकसंध राग जन्मभर का गातात, हेही मग समजतं. थांबायचं तर घर ऐसपैस हवं.

चिंचेखालून परतताना गाडीत वामनरावांशी माझं भांडण सुरू होतं. त्यांनी स्वर आणि लय एका रेषेच्या दोन टोकांना बांधले. त्यामुळे असं वाटतं, की एक वाढलं की दुसरं घटलं पाहिजे. जमेच्या बाजूला टाकलं ते खर्चाच्या बाजूला निघायलाच हवं, ही ताळेबंदाची शिस्त झाली. गाण्यात तसं होत नाही. मन्सूरांची लय जेव्हा सर्वांत अवघड होते, तेव्हाच त्यांचा स्वर सर्वांत तेजस्वी लागतो. किराण्याच्या चांगल्या गवयाचा ठरलेला षड्जही लयीबाहेर नसतो. तो ठेक्याला ताणून धरतो म्हणून तर आपण सावरून बसतो. आणि मधोमध जयपूर हे मोजमापाने ठरलं, असं जे पुस्तक दाखवू पाहतं, ते मला पटत नाही. वामनरावांना जयपूर आवडत होतं. आवड आधी, तराजू नंतर. माझ्या मते यात कमीपणा काही नाही, उलट पुस्तक आजही वाचवतं ते त्या आवडीमुळे. आग्र्याविषयी लिहिताना ते न्यायाधीशासारखे सभ्य असतात. अल्लादियाखाँ आणि मोगूबाई आल्या की वाक्यांची चाल बदलते, विशेषणं थोडी सैल सुटतात, आणि हिशेबाच्या वहीत माणूस दिसतो. मी पुस्तक परत परत काढतो ते त्या पानांसाठी.

दुसरं भांडण पुस्तकाशी नाही, काळाशी आहे. १९६१ साली वामनरावांच्या समोर मोगूबाई होत्या, आणि त्यांच्या मुलीचं, किशोरी आमोणकरांचं, खरं गाणं अजून पुढे यायचं होतं. किशोरीताईंनी पुढे जे केलं, ते या सगळ्या मांडणीची परीक्षा पाहणारं आहे. जयपूरच्या घरात, मोगूबाईंच्या कडक तालमीत वाढलेली ही बाई थांबू लागली. स्वराकडे बघत राहिली. आलापी लांबली, बंदिश मागे सरली, मात्रेचा धाक कमी झाला. घराण्यातल्या जुन्या जाणत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आमच्या अण्णांच्या तर पडलेल्या मीच पाहिल्या. "गाणं चांगलं हाय, पर आपलं न्हाय," एवढंच ते म्हणायचे आणि सुपारी कातरायला घ्यायचे.

थांबू लागल्यावर किशोरीताईंचं नाव कशाशी जोडलं गेलं, ते बघा. जोडराग त्या गायच्या, उत्तम गायच्या. पण लोकांनी त्यांना ज्या तबकडीसाठी डोक्यावर घेतलं, ती भूप आणि बागेश्रीची. भूप! पाच स्वरांचा, गाणं शिकायला बसलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच महिन्यात दिला जाणारा राग. जयपूरच्या कपाटातली एकही दुर्मीळ वस्तू त्यात नाही. पण मुक्काम करायचा तर सांधे नसलेलं घर लागतं, हे जे मिरजेच्या चिंचेखाली कळलं होतं, तेच इथे, अल्लादियाखाँच्या शिष्यपरंपरेतल्या गळ्यातून, पुन्हा कळतं. त्यांच्या भूपातला गंधार ऐकावा. तिथे त्या थांबतात हे खरं, पण थांबण्याआधीचं येणं जयपूरचं आहे. गंधारावर सरळ कधी येत नाहीत. पंचमाला वळसा घालून, ऋषभाला ओझरता स्पर्श करून, कुठल्याशा बोळातून निघाल्यासारख्या येतात आणि मग बसतात. चाल आजेगुरूंची, बैठक स्वतःची.

मग यांना वामनरावांच्या रेषेवर बसवायचं कुठे? आमच्या बैठकीत यावर अजून एकमत नाही. एकजण त्यांना किराण्याच्या हद्दीत टाकून मोकळा होतो. दुसरा म्हणतो, रेषाच मोडली, कुठलं बसवणं घेऊन बसलात. अण्णा होते तोवर ते उत्तर द्यायचे नाहीत. माझं म्हणणं असं, की बाई कोल्हापूरहून सुटलेल्या गाडीत बसल्या होत्या, तिकीट कोल्हापूरचंच होतं, आणि हातकणंगलं कधीच मागे पडलं होतं. जयसिंगपूर आलं की नाही, एवढाच वाद आहे.